बंद पडलेल्या जुन्या संगणकातून अण्णांच्या ओव्या काढायच्या आहेत

सांजवारा | शनिवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. विषय तांत्रिक आहे, पण माझ्यासाठी घरचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे वडील, अण्णा, राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी असतात. शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर २००४ साली त्यांनी एक असेंबल केलेला संगणक घेतला आणि वाडीवाडीत फिरून बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायला लागले. आधी वहीत, मग रात्री संगणकावर. सहा-सात वर्षं हे चाललं होतं. ज्यांनी ओव्या सांगितल्या त्यातल्या बऱ्याच जणी आता नाहीत. माझी आजीही त्यातच आली. वह्या माळ्यावर होत्या, त्यांना वाळवी लागली. म्हणजे जे काही आहे ते त्या संगणकात.

संगणक दहाएक वर्षं झाकून ठेवलेला होता. गेल्या महिन्यात मी तो पुण्याला आणला. बटण दाबलं की पंखा फिरतो, पडदा काळाच, आणि थांबून थांबून एक लांब बीप येतो. जवळच्या दुकानात नेला तर ते म्हणाले, विंडोज उडालंय, फॉरमॅट मारून नवीन टाकून देतो. मी तसाच परत आणला. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. रोज फोनवर विचारतात, मिळालं का गं काही. काय करू?

मुसाफिर | शनिवार, रात्री ९:३०

परत आणलात हे फार चांगलं केलंत. फॉरमॅट कुणालाही करू देऊ नका. बाकी जाणकार सांगतीलच.

खटपट्या | शनिवार, रात्री १०:०५

सांजवाराताई, नागपूरला वीसेक वर्षं मी हेच काम करतो, म्हणून लिहितो. संगणक सुरू होत नाही आणि फायली गेल्या, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. फायली असतात हार्ड डिस्कवर. तुम्ही जो लांब बीप सांगताय तो विंडोज सुरू होण्याच्या कितीतरी आधीचा आहे. मदरबोर्ड स्वतःची तपासणी करताना अडला की असा ओरडतो, आणि थांबून थांबून येणारा लांब बीप बहुतेक वेळा रॅमचा, म्हणजे तात्पुरत्या मेमरीच्या पट्टीचा असतो. मशीन डिस्कपर्यंत पोचलेलंच नाही. त्यामुळे ‘विंडोज उडालंय’ हे त्या बीपवरून कुणालाच सांगता येणार नाही.

तीन गोष्टी सांगा. एक, बटण दाबल्यावर डिस्कमधून टकटक असा ठरावीक लयीत आवाज येतो का? दोन, कॅबिनेट उघडून पाहा, डिस्कला जाणारी केबल रुंद चपटी आहे की बोटभर अरुंद? तीन, मदरबोर्डवर छोट्या डब्यांसारखे कपॅसिटर असतात, त्यांची डोकी फुगली आहेत का?

आणि हे पाहून झालं की बटण पुन्हा दाबू नका.

सांजवारा | रविवार, सकाळी ८:४०

टकटक नाही, नुसती घरघर. केबल रुंद आणि चपटी आहे, राखाडी. प्रोसेसरजवळचे दोन कपॅसिटर वरून फुगलेत, एकावर तपकिरी डाग आहे. डिस्कवर ४० जीबी लिहिलंय.

कोकणकडा | रविवार, सकाळी ९:१५

रॅम काढा, सोनेरी पट्टी साध्या खोडरबराने पुसा आणि घट्ट बसवा. आमच्याकडे पावसाळ्यानंतर निम्मे संगणक एवढ्यानेच सुरू होतात. दमट हवेत त्या पट्टीवर थर धरतो. बोर्डावरचा गोल सेल पण बदला, सीआर २०३२, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळेल. माझी खात्री आहे, मशीन उठेल.

खटपट्या | रविवार, सकाळी ९:५०

कोकणकडा, रॅमबद्दल तुमचं बरोबर आहे आणि बहुधा मशीन उठेलही. पण मी आज ते करू देणार नाही. मशीन उठलं की लगेच त्यातलं जुनं विंडोज, म्हणजे बहुधा एक्सपी, सुरू होणार. एक्सपी सुरू होताना डिस्कवर शेकडो ठिकाणी लिहितं. मागच्या वेळी नीट बंद झालं नसेल तर निळ्या पडद्यावर स्वतःहून डिस्क तपासायला घेतं आणि ‘दुरुस्ती’ म्हणून फोल्डरांची मोडतोड करतं. शिवाय फुगलेल्या कपॅसिटरांवर वीज धड मिळत नाही, मशीन मध्येच बंद पडायची भीती. दहा वर्षं न फिरलेल्या डिस्कला हा त्रास द्यायचा कशाला?

आधी डिस्क बाहेर काढू. तिची नक्कल हातात आली की मग रॅम पुसा, सेल बदला, काय हवं ते करा.

ताई, रुंद चपटी केबल म्हणजे ही आयडीई डिस्क, चाळीस पिनांची. पुण्यातल्या तपकीर गल्लीत ‘यूएसबी टू आयडीई-साटा ॲडॅप्टर’ मागा, म्हणजे ही डिस्क लॅपटॉपला जोडता येईल. त्याच्यासोबत भिंतीला लावायचा वेगळा पॉवर ॲडॅप्टर हवाच, कारण साडेतीन इंची डिस्कला बारा व्होल्ट लागतात आणि यूएसबीतून पाचच मिळतात. नुसती केबल देऊ केली तर घेऊ नका. संगणकाची वायर भिंतीतून काढून मग स्क्रू उघडा. डिस्क कडांना धरा, खालच्या हिरव्या पाटीला बोट लावू नका. मागे छोटा जंपर, म्हणजे पिनांवर बसणारी टोपी असेल, तो डिस्कवरच्या चित्रात दाखवल्याप्रमाणे ‘मास्टर’वर ठेवा. आणि टकटक सुरू झाली तर त्या क्षणी वीज काढायची, एक मिनिटही थांबायचं नाही.

पाणपोई | रविवार, सकाळी ११:२०

माझ्या भावाने डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली होती आणि ती चालू झाली होती. शेवटचा उपाय म्हणून लक्षात ठेवा.

खटपट्या | रविवार, दुपारी १२:०२

पाणपोई, हा उपाय माझ्याकडे दर वर्षी कुणीतरी करून आणतो, आणि त्यातल्या डिस्का पुढे मोठ्या प्रयोगशाळेतही वाचत नाहीत. आत तबकडी फिरत असते आणि तिच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर हेड तरंगत असतं. माणसाचा केस पन्नास हजार नॅनोमीटरहून जाड. गार डिस्क आपल्या हवेत बाहेर काढली की आत दव धरतं, आणि त्या फटीत पाण्याचा थेंब म्हणजे डोंगर. घरी डिस्क उघडून पाहणंही तसंच, धुळीचा एक कण पुरतो. टकटक वाजणाऱ्या डिस्कला धूळविरहित खोली असलेली जागाच लागते. ताईंची डिस्क वाजत नाहीये, ही आनंदाची गोष्ट आहे.

सांजवारा | मंगळवार, रात्री ८:१५

ॲडॅप्टर आणला. जोडल्यावर डिस्क फिरली. लॅपटॉपवर डिस्कचा सी भाग दिसला, पण डी भागावर टिचकी मारली तर ‘वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ असा संदेश आला. मी रद्द केलं आणि सगळं काढून ठेवलं. हात कापत होते. अण्णा सगळं डीवरच ठेवायचे.

खटपट्या | मंगळवार, रात्री ८:४०

रद्द केलंत, तेच करायचं होतं. त्या संदेशाचा अर्थ ‘डिस्क रिकामी आहे’ असा नाही. त्या भागाच्या सुरुवातीला एक बूट सेक्टर असतो. इथून भाग सुरू होतो, अमुक पद्धतीने लिहिलेला आहे, एवढी ओळख त्यात असते. तो वाचता आला नाही की विंडोज गोंधळतं. पुस्तकाचं मुखपृष्ठ फाटलं तरी आतली पानं असतात, तसं समजा.

‘चेक डिस्क’ चालवायचं नाही. ते डिस्कवर लिहितं. आता मूळ डिस्कवर एक बिटही लिहायचा नाही, फक्त वाचायचं, तेही एकदाच.

एका पेनड्राइव्हवर लायनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) घ्या आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. तिथे ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा प्रोग्राम आहे. साधी कॉपी पहिल्या खराब जागेपाशी अडून बसते. हा तसं करत नाही. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतो, अडलेल्या जागा एका नोंदफाइलीत टिपून ठेवतो, आणि मग परत येऊन त्या जागा थोड्या थोड्या करून वाचायचा प्रयत्न करतो. मध्ये वीज गेली तरी नोंदफाइलीमुळे तिथूनच पुढे सुरू होतं. नोंदफाइल द्यायला विसरू नका.

सर्वात धोक्याची जागा एकच: स्रोत (जिथून वाचायचं ती जुनी डिस्क) आणि लक्ष्य (जिथे नक्कल लिहायची ती जागा) यांची अदलाबदल. ४० जीबीची डिस्क संगणकाला ३७.३ दिसते, त्यावरून ओळखा. एंटर दाबण्याआधी आज्ञा इथे लिहा, मी पाहतो. रात्री उशीर झाला तरी चालेल.

सांजवारा | बुधवार, सकाळी ७:०५

खटपट्यादादा, रात्री साडेबाराला तुम्ही आज्ञा तपासून दिलीत, त्याबद्दल काय बोलू. पहिली फेरी तासाभरात ९९ टक्क्यांच्या पुढे गेली. उरलेलं सकाळपर्यंत चालू होतं. शेवटी २.१ एमबी वाचता आलं नाही, बाकी सगळं आलं. मूळ डिस्क आता कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहे.

खटपट्या | बुधवार, सकाळी ७:३०

फार उत्तम! आता त्या नकलेची आणखी एक नक्कल करा आणि काम दुसरीवर करा. ‘टेस्टडिस्क’ हा डिस्कचे बिघडलेले भाग सावरणारा प्रोग्राम उघडा. तुमचा डी भाग बहुधा एफएटी ३२ या, फायली मांडायच्या जुन्या पद्धतीचा असणार. त्यात बूट सेक्टरची राखीव प्रत सहाव्या सेक्टरवर ठेवलेली असते. टेस्टडिस्क दोन्ही तपासून राखीव प्रत मूळ जागी बसवायला विचारेल. हो म्हणा, नकलेवर काम चाललंय, भीती नाही.

दूरदेशी | बुधवार, दुपारी १:१०

मध्येच विचारतो, माफ करा. माझा २०२१ चा लॅपटॉप सुरू होत नाही. हेच करायचं का?

खटपट्या | बुधवार, दुपारी १:४०

तुमचं वेगळं आहे. त्यात एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) असणार, आणि बहुधा बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल. डिस्क काढून दुसरीकडे लावली की ४८ आकडी किल्ली मागेल. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का ते आजच पाहा. बाकीसाठी नवा धागा काढा, तिथे बोलू.

सांजवारा | बुधवार, रात्री ९:५५

डी उघडला! अण्णांचे फोल्डर दिसले: ‘पत्रे’, ‘शाळा’, ‘म्हणी’, आणि गावांच्या नावांचे. पण दोन अडचणी आहेत.

पहिली, ‘ओव्या’ नावाचा फोल्डर आहे, तो रिकामा दिसतो.

दुसरी, बाकीच्या वर्डच्या फायली उघडतात, पण आत मराठी नाहीच. नुसती इंग्रजी अक्षरं, आकडे आणि कसलीतरी चिन्हं, ओळीच्या ओळी. फायली खराब झाल्या का?

रानजाई | बुधवार, रात्री १०:२०

सांजवारा, अजिबात खराब झालेल्या नाहीत. हे माझं क्षेत्र, म्हणून आता मी बोलते. १९९६ पासून कोल्हापुरात अक्षरजुळणी करते आहे.

आज आपण लिहितो ते युनिकोड. त्यात ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, तो कुठल्याही फॉन्टमध्ये ‘क’च राहतो. विंडोजमध्ये हे देवनागरीसाठी २००० सालच्या आवृत्तीपासून ‘मंगल’ फॉन्टसोबत आलं, पण आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं काम चालायचं ते श्रीलिपी, आयएसएम, आकृती, शिवाजी, कृतिदेव यांवर. या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. फाइलीत साठतात इंग्रजी अक्षरांचे क्रमांक, आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट नाही तर मराठी नाही.

म्हणून आत्ता पहिलं काम: सी भागाच्या विंडोज फोल्डरातला ‘फॉन्ट्स’ फोल्डर जसाच्या तसा उचलून ठेवा. लोक लिखाणाच्या फायली वाचवतात, जुना संगणक भंगारात देतात, आणि दोन वर्षांनी माझ्याकडे येतात तेव्हा तो नेमका फॉन्ट कुठेच मिळत नाही. मी असे दोन दिवाळी अंक आणि एका गावाची बखर हातातून गेलेली पाहिली आहे.

लिबरऑफिस या वर्डसारख्या प्रोग्राममध्ये अण्णांची एखादी फाइल उघडा, मजकुरावर क्लिक करा आणि वर फॉन्टच्या चौकटीत काय नाव दिसतं ते पूर्ण लिहा, आकड्यासकट. फॉन्ट नसला तरी नाव तिथे दिसतं.

सांजवारा | बुधवार, रात्री १०:४१

‘डीव्हीबी-टीटी सुरेख’. काही फायलींत ‘श्री-देव-०७१४’ आहे.

रानजाई | बुधवार, रात्री १०:५८

सुरेख म्हणजे सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम सॉफ्टवेअरचा. डीव्हीबी आणि नुसता डीव्ही यांची अक्षरमांडणी वेगळी आहे, तो ‘बी’ विसरू नका. दुसरा श्रीलिपीचा. फॉन्ट्स फोल्डरातून दोन्ही लॅपटॉपवर टाका. या सॉफ्टवेअरांना तेव्हा संगणकाच्या मागे लावायचं हार्डवेअर लॉक असायचं. ते टाइप करण्यासाठी. नुसतं वाचायला फॉन्ट पुरतो.

एक कळकळीची सूचना. मूळ फायलींत काहीही टाइप करू नका. वर्डची आपोआप दुरुस्ती वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करते, अवतरणचिन्हं बदलते. इथे लहान अक्षर म्हणजे एक मराठी आकार आणि मोठं म्हणजे दुसराच, त्यामुळे शब्दच बदलतो.

सांजवारा | बुधवार, रात्री ११:३५

दिसलं. सगळं मराठी दिसलं. ‘म्हणी’ची फाइल उघडली, पहिल्याच पानावर आजीच्या तोंडची म्हण. अण्णांना आत्ता उठवून फोन केला.

खटपट्या | गुरुवार, सकाळी ६:५०

वा, ताई! सकाळी सकाळी हे वाचून फार बरं वाटलं.

आता ‘ओव्या’. न वाचलेल्या २.१ एमबीमध्ये त्या फोल्डरची यादी अडकलेली दिसते. एफएटीमध्ये फोल्डर म्हणजे एक छोटी यादी: फाइलीचं नाव, ती कुठून सुरू होते, आकार किती. यादी गेली म्हणून फोल्डर रिकामा दिसतो. फायली आपापल्या जागी असतात.

‘फोटोरेक’ चालवा, तो टेस्टडिस्कसोबतच येतो. नावात फोटो असलं तरी तो चारशेहून जास्त प्रकारच्या फायली ओळखतो. तो याद्यांकडे बघतच नाही. डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत जातो आणि प्रत्येक प्रकारच्या फाइलीची जी ठरावीक सुरुवात असते ती दिसली की तिथून फाइल उचलतो. नावं मिळणार नाहीत, नुसते क्रमांक. फाइल तुकड्या-तुकड्यांत विखुरली असेल तर अर्धवट येते. वर्डच्या लहान फायली बहुतेक सलग असतात, त्यामुळे मला आशा आहे.

सांजवारा | गुरुवार, रात्री ९:२०

फोटोरेकने वर्डच्या २,३१८ फायली काढल्या. त्यात आधी मिळालेल्याही पुन्हा आल्या आहेत, आणि कसलीकसली शाळेची पत्रकं. एकेक उघडत बसले आहे. यातून ओव्या कशा शोधू? ‘ओवी’ शोधलं तर काहीच सापडत नाही.

रानजाई | गुरुवार, रात्री ९:४५

सापडणार नाही, कारण फाइलीत ‘ओवी’ हा शब्द नाहीच, त्या जागी इंग्रजी अक्षरं आहेत. उलट बाजूने जा. ‘म्हणी’च्या फाइलीत ‘पहिली’ हा शब्द कुठेतरी असेल. तेवढाच निवडून साध्या नोटपॅडात चिकटवा. जो इंग्रजी घोळका दिसेल तो शोधशब्द. ‘पहिली माझी ओवी’ हे तर कित्येक ओव्यांचं दार आहे. सुरेखसाठी एक घोळका आणि श्री-देवसाठी दुसरा, असे दोन करा.

खटपट्या | गुरुवार, रात्री १०:००

हे मला कधीच सुचलं नसतं. ताई, लायनक्सवर लिबरऑफिसला एका आज्ञेत सगळ्या फायली साध्या मजकुरात बदलायला सांगता येतं. मग त्या सगळ्या मजकुरांत एकदम शोध घ्या. मूळ फायली बाजूला तशाच ठेवा. आज्ञा व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

सांजवारा | शुक्रवार, रात्री ११:१०

६३ फायली. एकसष्ट पूर्ण उघडल्या, दोन अर्धवट. सासुरवास, भाऊबीज, पंढरीची वाट, पाळणा असे अण्णांनी वेगवेगळे भाग केले होते. प्रत्येक ओवीखाली सांगणाऱ्या बाईचं नाव, वाडी आणि तारीख आहे. आजीच्या मला आत्तापर्यंत सत्तावीस सापडल्या.

डीवर पेजमेकरच्याही चार फायली आहेत. अण्णांनी पुस्तकाची मांडणी सुरू केली होती बहुतेक.

रानजाई | शनिवार, सकाळी ८:१५

पेजमेकरची शेवटची आवृत्ती सातवी, २००१ ची. नव्या संगणकावर तिच्या मागे लागू नका. लिबरऑफिस त्या फायली उघडतं, मांडणी थोडी विस्कटेल, मजकूर येईल.

आता युनिकोडमध्ये आणायचं काम. फॉन्ट-परिवर्तक मिळतात, फक्त बरोबर फॉन्ट निवडा. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठते कारण ती डोळ्यांना आधी दिसते, आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. परिवर्तक ही उलटापालट करतो आणि तिथेच चुकतो. मी स्वतः तपासताना या क्रमाने बघते: आधी जोडाक्षरावरची वेलांटी, ‘स्थिती’सारखे शब्द. मग रफार. आणि सगळ्यात जपून आपला आडवा अर्धा र. हिंदीसाठी बनवलेल्या परिवर्तकांना तो माहीतच नसतो, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ करून ठेवतात. ओव्यांत ‘सासऱ्या’, ‘सोयऱ्या’, ‘वाऱ्या’ जागोजागी येणार. ‘ॲ’ पण पाहा, ते अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, जुने परिवर्तक तिथे भलतंच काही टाकतात.

बोलीचे शब्द ‘सुधारू’ नका. स्पेलचेकर बंद. तुमच्या अण्णांनी जसं ऐकलं तसं लिहिलं आहे, त्यातच त्याची किंमत आहे. दहा फायली मला पाठवा, मुद्रितशोधन मी करून देते. पैशाचं बोलू नका.

मुसाफिर | शनिवार, सकाळी ९:००

दहा मला पण. माझी आजी लांज्याची होती.

कोकणकडा | शनिवार, सकाळी ९:२५

मलाही द्या, मालवणी शब्द अडले तर विचारा. आणि आता नक्कल झालीच आहे, तर रॅम पुसून बघा ना एकदा!

सांजवारा | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:३०

आज गावाहून लिहिते आहे. कोकणकडा, इथे येण्याआधी डिस्क न लावता रॅम पुसून पाहिली. पहिल्याच झटक्यात पडदा उजळला, बीप बंद. तुमचं निदान बरोबर होतं.

सगळ्या फायली, फॉन्ट आणि डिस्कची पूर्ण नक्कल अशा तीन प्रती केल्या. एक पुण्याला, एक इथे अण्णांकडे, एक धाकट्या भावाकडे बंगळुरूला. रानजाईताई, मुसाफिर, कोकणकडा यांनी तपासलेल्या तीस फायली छापून आणल्या, सोळाच्या टायपात, अण्णांना चष्म्याशिवाय वाचता याव्यात म्हणून. दुपारपासून ओटीवर बसून वाचताहेत. लाल पेन घेऊन बसलेत, शाळेत असल्यासारखे. दोन ठिकाणी ‘सोयर्या’ राहिलं होतं, ते त्यांनी लगेच पकडलं.

त्या दोन अर्धवट फायलींत मिळून चार ओव्या मध्येच तुटल्या आहेत. त्यातल्या दोन अण्णांना पाठ होत्या, त्यांनी सांगितल्या, मी लिहून घेतल्या. उरलेल्या दोन खालच्या वाडीतल्या एका काकूंच्या आहेत. त्या आहेत अजून, नव्वदीच्या आसपास. उद्या सकाळी आम्ही दोघं त्यांच्याकडे जातोय.

रानजाई | रविवार, संध्याकाळी ६:५२

जाताना फोन चार्ज करून घ्या आणि त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. ओवी सांगायला लावू नका, म्हणायला सांगा. चाल त्या कागदावर कुठेच नाहीये. घरात जातं असेल तर त्याच्याजवळ बसवा त्यांना.

सांजवारा | रविवार, संध्याकाळी ७:१०

जातं आहे. अण्णा म्हणाले, त्यांच्या पडवीत अजून तसंच मांडलेलं आहे.